महासंघाचा प्रायोजक आणि खेळाडूचा स्वतःचा करार: सही करण्यापूर्वी काय पाहावे?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझी भाची १९ वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात तिची राष्ट्रीय शिबिरासाठी निवड झाली आणि घरात पेढे वाटून होतात न होतात तोच महासंघाकडून तीन पानांचा इंग्रजी करारनामा आला. प्रत्येक पानावर सही करून तो आठ दिवसांत परत पाठवावा, अन्यथा शिबिरातील जागा यादीतील पुढील खेळाडूस देण्यात येईल, एवढेच सोबतच्या ई-मेलमध्ये लिहिले आहे. आठांपैकी तीन दिवस गेले. खेळाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण आपल्याकडे एका खेळाला एकच महासंघ असल्यामुळे खेळाचे नाव लिहिले की महासंघाचेही नाव लिहिल्यासारखेच होते.

अडचण दोन कलमांची आहे. नवव्या कलमानुसार शिबिर, प्रवास आणि स्पर्धा या काळात, शिवाय स्पर्धेच्या आधी तीस दिवस व नंतर तीस दिवस, महासंघाच्या प्रायोजकांशी स्पर्धा करणाऱ्या कोणत्याही कंपनीची वस्तू तिने वापरायची नाही आणि तिच्या जाहिरातीत दिसायचे नाही. अकराव्या कलमानुसार तिचे नाव, छायाचित्र, आवाज आणि स्वाक्षरी महासंघाला व त्याच्या प्रायोजकांना कोणत्याही माध्यमात, विनामोबदला आणि कायमस्वरूपी वापरता येईल.

दुसऱ्या बाजूला, दीड वर्षापूर्वी तिने बूट बनवणाऱ्या एका कंपनीशी करार केलेला आहे. रक्कम मोठी नाही. वर्षाला बुटांचे चार जोड मिळतात आणि दरमहा जे पैसे येतात त्यांत पुण्यातल्या खोलीचे भाडे आणि दूध, अंडी, सुकामेवा एवढे भागते. त्या करारात ‘सर्व अधिकृत स्पर्धांमध्ये’ त्याच कंपनीचे बूट घालण्याचे बंधन आहे आणि महासंघाचा किटचा प्रायोजक नेमकी दुसरी कंपनी आहे. म्हणजे एका कागदाप्रमाणे वागले की दुसरा मोडतो. शिवाय बुटांची गोष्ट निव्वळ जाहिरातीची नाही. तिचा डावा पाय उजव्यापेक्षा अर्ध्या मापाने मोठा आहे आणि ही कंपनी तिला दोन वेगवेगळ्या मापांचे बूट एका जोडात देते. महासंघाच्या किटमधले बूट एकाच मापाचे येतात आणि डाव्या अंगठ्याचे नख काळे पडते, हा तिचा कनिष्ठ गटातील शिबिराचा अनुभव आहे.

अशी कलमे सर्वत्र असतात का, आणि सही करण्यापूर्वी आम्ही नेमके काय करावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

जुना बातमीदार

मी क्रीडा पानावर बावीस वर्षे काढली, त्यामुळे ‘आधी तीस दिवस, नंतर तीस दिवस’ हे शब्द वाचताच २००२ साल आठवले. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या वर्षीच्या भांडणात बऱ्यापैकी मिळते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या वर्षी सप्टेंबरात श्रीलंकेत चॅम्पियन्स करंडक व्हायचा होता. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने आपल्या स्पर्धांचे २००७ पर्यंतचे हक्क ग्लोबल क्रिकेट कॉर्पोरेशन या कंपनीला ५५ कोटी डॉलरांना विकले होते. एवढी रक्कम मोजणाऱ्याला आपल्या प्रायोजकांसाठी मोकळे मैदान हवे असणार, हे ओघानेच आले. त्यामुळे स्पर्धेच्या काळात आणि तिच्या अलीकडे-पलीकडे महिनाभर अधिकृत प्रायोजकांच्या प्रतिस्पर्ध्यांची जाहिरात खेळाडूंनी करू नये, अशी अट करारात आली. अधिकृत प्रायोजकांत एलजी, हीरो होंडा आणि पेप्सी या कंपन्या होत्या. इकडे सचिन तेंडुलकर टीव्हीएसच्या मोटारसायकलीची जाहिरात करत होता. त्या हंगामात संघातले काही जण सॅमसंगच्याही जाहिरातींत झळकत होते. हे करार परिषदेच्या अटीच्या आधीचे होते, तुमच्या भाचीच्या बुटांच्या करारासारखेच.

गंमत अशी की, परिषदेचा करार खेळाडूंशी नव्हताच. तो होता प्रत्येक देशाच्या मंडळाशी, आणि आपले खेळाडू या अटी पाळतील असे मंडळांनी लिहून दिले होते. खेळाडूंना कोणी विचारलेच नव्हते. जे आपल्या मालकीचे नाही ते मंडळाने परस्पर गहाण टाकले, असे मी तेव्हा लिहिले होते आणि आजही माझे मत तेच आहे. सौरव गांगुलीच्या संघातील प्रमुख खेळाडूंनी सही करण्यास नकार दिला. इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंचेही आक्षेप होते, परंतु प्रकरण तापले ते आपल्याकडे, कारण जाहिरातींचा सर्वांत मोठा बाजार आपला होता. जगमोहन दालमियांच्या अध्यक्षतेखालील भारतीय मंडळ अखेर खेळाडूंच्या बाजूने उभे राहिले, तात्पुरती तडजोड झाली आणि पूर्ण ताकदीचा संघ कोलंबोला गेला. अंतिम सामना पावसाने धुऊन निघाला आणि करंडक भारत व श्रीलंका यांच्यात वाटला गेला, ही बातमी लोकांना आठवते. करारनाम्याची मात्र कोणाला आठवत नाही.

पाच महिन्यांनी दक्षिण आफ्रिकेत विश्वचषक होता. तेथे हाच वाद पुन्हा उभा राहिला. आपल्या खेळाडूंनी दुरुस्त्या करून घेऊनच सह्या केल्या आणि परिषदेने भारतीय मंडळाला द्यावयाच्या रकमेतील काही भाग अडवून ठेवला. प्रायोजकांच्या बाबतीत त्या स्पर्धेतील सोवळे इतके कडक होते की, सेंच्युरियनला भारत-ऑस्ट्रेलिया सामन्यात कोकाकोला पिणाऱ्या एका प्रेक्षकाला मैदानाबाहेर काढण्यात आले होते.

हेच मंडळ नेहमी खेळाडूंच्या बाजूचे असते, असा समज मात्र करून घेऊ नये. २००७ च्या विश्वचषकात आपण पहिल्याच फेरीत घरी परतलो, तेव्हा एका खेळाडूने तीनपेक्षा जास्त जाहिरात-करार करू नयेत असा नियम मंडळाने काढला होता. खेळाडूंचा विरोध झाला आणि तो गुंडाळावा लागला. आज क्रिकेटमध्ये जी वाटणी रूढ आहे (अंगावरचा पोशाख मंडळाचा, बॅट आणि बूट खेळाडूचे) ती अशा ओढाताणीतूनच टिकली आहे. भारतीय संघाच्या पोशाखावर नायकेचे चिन्ह असताना विराट कोहलीच्या पायांत पुमाचे बूट असत आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नसे. तुमची भाची मागते आहे ते यापेक्षा वेगळे काहीच नाही.

मैदानी

सही करू नका. सगळ्या मुलींनी मिळून नकार दिला तर महासंघ काय करणार? संघाविना स्पर्धेला जाणार आहे का? आपण घाबरतो म्हणून ते घाबरवतात.

जुना बातमीदार

मैदानी, तुमचा संताप समजतो, परंतु दुसऱ्याच्या भाचीला असा सल्ला देण्यापूर्वी नकाराची किंमत सांगितली पाहिजे.

२००४ साली वेस्ट इंडिज मंडळाने आपला प्रायोजक बदलला. केबल अँड वायरलेस गेली, डिजिसेल आली. दोन्ही दूरसंचार कंपन्या, एकमेकींच्या कट्टर प्रतिस्पर्धी. काही खेळाडूंचे केबल अँड वायरलेसशी वैयक्तिक करार होते. २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ कसोटी खेळायला आला तेव्हा या वादापायी ब्रायन लारा, ख्रिस गेल, रामनरेश सरवन यांच्यासह सात जण जॉर्जटाउनच्या पहिल्या कसोटीबाहेर राहिले. मंडळ संघाविना राहिले का? नाही. शिवनारायण चंदरपॉलला कर्णधार केले, त्याने नाबाद २०३ धावा काढल्या, वेव्हेल हाइंड्सने २१३ काढल्या आणि सामना अनिर्णित राहिला. पुढच्याच कसोटीत लारा परतला आणि पोर्ट ऑफ स्पेनला त्याने १९६ धावा केल्या, पण तो लारा होता. त्याच्यासाठी दार उघडे ठेवणे मंडळाच्या सोयीचे होते.

धावपटू निक सिमंड्सचे उदाहरण आणखी बोलके आहे. २०१३ च्या मॉस्को जागतिक स्पर्धेत ८०० मीटरमध्ये त्याने रौप्यपदक मिळवले होते. २०१५ मध्ये तो अमेरिकेचा विजेता होता आणि बीजिंगच्या जागतिक स्पर्धेसाठी पात्रही ठरला होता. त्याचा वैयक्तिक प्रायोजक ब्रूक्स, तर महासंघाचा नायके, आणि तोही २०४० पर्यंतच्या कराराने. संघाच्या कार्यक्रमांत अधिकृत पोशाख घालायचा, एवढेच म्हणून महासंघ थांबला नाही. सोबत नेण्याचे कपडे नायकेचे किंवा बिनाचिन्हाचे असावेत, असे पत्र खेळाडूंना गेले. ‘अधिकृत कार्यक्रम’ म्हणजे नेमके कोणते, ते आधी स्पष्ट करा, असे म्हणत त्याने सही केली नाही. महासंघाने त्याला वगळून संघ जाहीर केला आणि विमान बीजिंगला निघून गेले. मी त्याच्या बाजूचा आहे, तरीही धावपटूच्या आयुष्यात जागतिक स्पर्धा किती वेळा येते, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

२००२ मध्ये आपले क्रिकेटपटू जिंकले, कारण त्यांच्या जागी दुसरा संघ पाठवला असता तर दूरचित्रवाणीवर तो कोणी पाहिला नसता. शिबिरातील १९ वर्षांच्या मुलीच्या मागे यादीत आणखी चार नावे असतात. हे कटू आहे, पण करारनाम्याच्या त्या ई-मेलमधले ‘पुढील खेळाडूस’ हे दोन शब्द ज्याने लिहिले, त्याला ते नेमके ठाऊक आहे.

खजिनदार (निवृत्त)

मी एका जिल्हा संघटनेचा आणि नंतर काही वर्षे राज्य संघटनेचा खजिनदार होतो, त्यामुळे येथे माझी बाजू अप्रिय असणार याची मला कल्पना आहे. तरीही ती मांडणे आवश्यक वाटते.

क्रिकेट सोडले तर महासंघाकडे विकण्याजोगे असते तरी काय? प्रक्षेपणाचे पैसे नसतात आणि तिकीट काढून कोणी येत नाही. उरतो तो राष्ट्रीय संघाचा पोशाख आणि त्यावरची चार बोटे जागा. प्रायोजक पैसे देतो ते ‘या प्रकारच्या वस्तूंत दुसरे कोणी दिसणार नाही’ या एका आश्वासनासाठी. संघातल्या सर्वांत यशस्वी मुलीच्या पायांत प्रतिस्पर्ध्याचे बूट दिसले आणि तेच छायाचित्र सर्व वृत्तपत्रांत छापून आले, तर पुढच्या वर्षी तो प्रायोजक माझा फोनही घेत नाही. आम्ही एकदा कनिष्ठ मुलांच्या संघाला रेल्वेचे आरक्षण मिळाले नाही म्हणून रात्रभर बसने पाठवले होते. परतीचे भाडे मी स्वतःच्या खात्यातून भरले आणि ते मला दहा महिन्यांनी मिळाले. अशा वेळी तारांकित खेळाडूचा वैयक्तिक करार मोठा की सोळा वर्षांच्या बारा मुलांचे तिकीट मोठे, हा प्रश्न पडतो.

नॉर्वेतील स्कीपटू हेनरिक क्रिस्तोफर्सन याचे प्रकरण या संदर्भात पाहावे. त्याला शिरस्त्राणावर रेड बुलचे चिन्ह हवे होते. त्याच्या महासंघाने ती जागा संघाच्या प्रायोजकाला दिली होती आणि त्याचा वैयक्तिक करार नामंजूर केला. तो न्यायालयात गेला. नॉर्वेच्या न्यायालयांनी महासंघाला उचलून धरले, आणि त्यामागचा विचार मी वर लिहिला तोच होता: एका विजेत्याला घडवणारी शिबिरे, प्रशिक्षक आणि खालच्या गटांचा खर्च या सामायिक पैशातूनच चालतो.

अकरावे कलम मात्र मलाही पटलेले नाही. ‘विनामोबदला’ आणि ‘कायमस्वरूपी’ हे दोन शब्द एका ओळीत लिहिणारा माणूस आळशी तरी असला पाहिजे किंवा लोभी तरी.

वकिली चष्मा

धागाकर्त्यांनी खेळाचे नाव का टाळले ते सांगताना जे वाक्य लिहिले आहे, त्यातच या वादाचे मूळ आहे. एका खेळाला एकच महासंघ. महासंघाचे खेळाडूवर जे वजन असते ते मालकीतून आलेले नसते. राष्ट्रीय संघाच्या दाराची किल्ली त्याच्याकडे एकट्याकडे आहे, म्हणून ते असते. हा फरक लक्षात ठेवला की बाकीचे कायद्याचे मुद्दे जागच्या जागी बसतात.

प्रथम अकरावे कलम. खेळाडूचे नाव आणि चेहरा हा महासंघाचा नव्हे, त्या व्यक्तीचा हक्क आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ साली हे स्पष्ट शब्दांत मांडले, आणि तेही बातमीदार साहेबांनी वर्णन केलेल्या विश्वचषकाच्याच संदर्भात. फिलिप्स कंपनीने आणि तिच्या विक्रेत्याने विश्वचषकाची तिकिटे बक्षीस देणारी दिवाळीची योजना काढली होती. तिच्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेची व्यापारी कंपनी न्यायालयात गेली. प्रसिद्धीचा हक्क व्यक्तीच्या ठायी असतो, स्पर्धेच्या किंवा आयोजकाच्या ठायी नसतो, असे सांगून न्यायालयाने मनाई नाकारली. अर्थात हक्क आपला असला तरी आपणच लिहून दिला तर तो जातो, म्हणून हे कलम आहे तसे सही करू नये. ‘संघाच्या सामूहिक छायाचित्रापुरते, एका वेळी किमान तीन खेळाडू असतील अशा रीतीने, शिबिर व स्पर्धेच्या कालावधीपुरते’ अशी दुरुस्ती सुचवावी. एकटीचा चेहरा वापरून एखादी वस्तू विकायची असेल तर वेगळी संमती आणि वेगळा मोबदला, हेही लिहावे.

आता नववे कलम. भारतीय करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे व्यवसाय करण्यास प्रतिबंध करणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो, हे खरे आहे. परंतु कराराच्या चालू मुदतीतील वाजवी बंधने न्यायालये सहसा मानतात, त्यामुळे केवळ कलम २७ वर विसंबून राहू नये. बाजारातील वर्चस्वाच्या गैरवापराला आळा घालणाऱ्या स्पर्धा कायद्याखालीही दोन्ही प्रकारचे निर्णय आहेत. आपल्या खडकीचे धनराज पिल्ले आणि इतर खेळाडू वर्ल्ड सिरीज हॉकी या हॉकी इंडियाची मान्यता नसलेल्या स्पर्धेच्या वादात हॉकी इंडियाविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेले होते. २०१३ मध्ये आयोगाला त्यात कायदेभंग आढळला नाही. बुद्धिबळ महासंघाने मान्यता नसलेल्या स्पर्धांत खेळणाऱ्यांवर बंदी घातली, तेव्हा २०१८ मध्ये त्याच आयोगाने महासंघाला दोषी ठरवून दंड केला. तेव्हा निकाल गृहीत धरता येत नाही.

खजिनदार साहेबांनी क्रिस्तोफर्सनचे उदाहरण दिले, ते खरे आहे, पण अर्धे आहे. त्या प्रकरणात एफ्टा न्यायालयाने (नॉर्वे ज्यात आहे त्या युरोपीय व्यापार संघटनेच्या न्यायालयाने) २०१८ मध्ये जे मत दिले, त्याने महासंघांना मोकळे रान दिलेले नाही. पूर्वसंमतीची अट घालता येते, मात्र तिचा हेतू योग्य असावा, ती गरजेपेक्षा जास्त असू नये, नकार सकारण असावा आणि वेळेत कळवावा, आणि खेळाडूच्या कमाईशी तिचा समतोल साधला जावा, असे ते मत आहे. ‘आठ दिवसांत सही, नाहीतर पुढील खेळाडू’ हे यांपैकी कशात बसते?

त्यानंतर तीन महिन्यांनी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, जर्मनीत मोठी गोष्ट घडली. ऑलिम्पिक सनदेच्या नियम ४० प्रमाणे उद्घाटनाच्या नऊ दिवस आधीपासून समारोपानंतर तीन दिवसांपर्यंत खेळाडूने वैयक्तिक जाहिरातीत दिसणे निषिद्ध होते. म्हणजे आयुष्यातील सर्वाधिक प्रसिद्धीचे जे पंधरा-वीस दिवस, नेमक्या त्याच दिवसांत कमाई बंद. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या वेळी अमेरिकी धावपटूंनी ट्विटरवर याविरुद्ध मोहीम चालवली होती, पण हलले काहीच नाही. जर्मन स्पर्धा प्राधिकरणाने मात्र हा वर्चस्वाचा गैरवापर आहे अशी भूमिका घेतली, तेव्हा आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती आणि जर्मन ऑलिम्पिक महासंघ यांना जर्मन खेळाडूंपुरते नियम सैल करावे लागले. जाहिरातीत ‘पदक’, ‘सुवर्ण’ असे शब्द वापरण्यास मुभा मिळाली, जर्मन महासंघाची पूर्वपरवानगी नको झाली, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नियम मोडल्यास खेळातून बंदी नाही, दिवाणी न्यायालयात जावे असे ठरले. शिक्षा आणि व्यापारी तंटा यांची फारकत तेथे झाली. जूनमध्ये मूळ नियमाचे शब्दही बदलले: ‘मनाई, परवानगी असेल तरच’ याऐवजी ‘मुभा, तत्त्वांच्या चौकटीत’. खेळाडूंच्या मोहिमेने जे झाले नाही ते दाराच्या किल्लीवर बोट ठेवल्यावर झाले. अमेरिकेत सिमंड्सच्या च्युइंगमच्या कंपनीने निवड स्पर्धेतील जाहिरातबंदीविरुद्ध असाच दावा लावला होता. ऑलिम्पिक समितीला संसदेच्या कायद्यानेच हे अधिकार दिलेले आहेत, या कारणाने तो २०१८ मध्ये अपिलातही हरला. एकाच प्रश्नावर दोन देश दोन टोकांना आहेत.

आता तुमच्या हातातले काम. आधी बुटांच्या कंपनीकडे जा, महासंघाकडे नंतर. ‘सर्व अधिकृत स्पर्धांमध्ये’ या शब्दांपुढे ‘राष्ट्रीय संघाच्या नियमांनी मनाई केली असेल ते प्रसंग वगळून’ एवढे जोडून घ्या. कंपन्या हे सहसा मान्य करतात, कारण त्यांचा खेळाडू संघातच नसणे त्यांच्याही तोट्याचे असते. त्यानंतर महासंघाला पत्र लिहा. पूर्वीचा करार अस्तित्वात असल्याचे त्यात कळवा, कराराची तारीख द्या, रक्कम देऊ नका. बूट ही पोशाखाची बाब नसून खेळाच्या साधनाची बाब आहे, असे म्हणून अपवाद मागा आणि दोन पायांच्या मापांतील फरकाचा डॉक्टरांचा दाखला जोडा. मुदतीच्या आत उत्तर आले नाही तर सही करा, पण सोबतच्या पत्रात ‘दिनांक अमुकच्या विनंतीस बाधा न आणता’ असे लिहून. जागा जाऊ देऊ नका. पुढे गरज पडलीच तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, आणि २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूदही आहे.

राखीव खेळाडू

मी दोन वेळा राष्ट्रीय शिबिरात होते, मुख्य संघात एकदाही नाही, म्हणून हे नाव.

प्रत्यक्ष मैदानावर हा वाद कायद्याच्या पुस्तकात नसतो, तो चिकटपट्टीत असतो. सामन्यापूर्वी एक अधिकारी रांगेने सगळ्यांच्या पायांकडे, मनगटांकडे आणि बॅगांकडे पाहत येतो. त्याच्या एका हातात कात्री आणि दुसऱ्या हातात काळी पट्टी असते. माझ्या बुटांवरचे चिन्ह त्याने झाकले तेव्हा पट्टी शिवणीवर आली आणि वळताना ती सुटून तळव्याखाली गेली. त्या दिवसापासून मी घरूनच पट्टी लावून जाऊ लागले, कडा कापून गोल केलेली, कारण चौकोनी कोपरा आधी निघतो. १९७४ च्या फुटबॉल विश्वचषकात नेदरलँड्सच्या बाकी सर्व खेळाडूंच्या पोशाखावर आदिदासचे तीन पट्टे होते आणि पुमाशी करार असलेल्या योहान क्रायफच्या पोशाखावर दोन. क्रायफसाठी शिंपी मिळतो, आम्हाला चिकटपट्टी.

विनेश फोगाट यांचे २०२१ मधले प्रकरण येथे कोणी काढले नाही याचे आश्चर्य वाटले. टोक्यो ऑलिम्पिकनंतर कुस्ती महासंघाने त्यांना तात्पुरते निलंबित केले. संघाबरोबर न राहणे, सराव न करणे हे आरोप होतेच. त्यांच्या जोडीला, अधिकृत प्रायोजक शिवनरेश असताना नायकेचा पोशाख घातला, हाही एक आरोप होता. नंतर माफी आणि ताकीद यांवर ते मिटले. माझा मुद्दा एवढाच की, कपड्यावरचे चिन्ह ही तसे पाहिले तर दोन कंपन्यांमधली बाब, पण ती बेशिस्तीच्या यादीत जाऊन बसते. वकील साहेबांनी जर्मनीबद्दल जे लिहिले ते म्हणूनच मी दोनदा वाचले.

खजिनदार साहेबांना एक नम्र प्रश्न आहे. सामायिक पैसा खालच्या मुलांपर्यंत जातो असे आपण म्हणता. जानेवारी २०१० मध्ये विश्वचषक तोंडावर असताना आपल्या हॉकी संघाने पुण्यात बालेवाडीच्या शिबिरात सरावाला नकार दिला होता. संघाला सहारासारखा प्रायोजक होता आणि तरीही खेळाडूंना आपल्या थकलेल्या पैशांसाठी काठ्या खाली ठेवाव्या लागल्या. पैसा येतो हे आम्हाला दिसते. तो जातो कुठे, हे दिसत नाही.

खजिनदार (निवृत्त)

प्रश्न रास्त आहे. मी दरवर्षी ताळेबंद सर्वसाधारण सभेत वाचून दाखवत असे. सभेला खेळाडूंना बोलावण्याची पद्धत नव्हती आणि ती सुरू करावी असे मलाही त्या काळात सुचले नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काय झाले ते कळवतो.

बुटांच्या कंपनीने वकील साहेबांनी सुचवलेले वाक्य दुसऱ्याच दिवशी मान्य केले आणि तसे ई-मेलने कळवले. उलट तेथील बाई म्हणाल्या की, आमच्या नव्या करारांत हे वाक्य असतेच, तुमचा जुना नमुना आहे. महासंघाला पत्र आणि हाडांच्या डॉक्टरांचा दाखला दोन्ही पाठवले. लेखी उत्तर आले नाही, परंतु सहाव्या दिवशी संध्याकाळी कार्यालयातून फोन आला. बूट स्वतःचे घालण्यास हरकत नाही, चिन्ह झाकलेले असावे, आणि ‘हे सगळ्यांना सांगत बसू नका’. अकराव्या कलमाबद्दल विचारले तेव्हा, ते कलम सर्वांसाठी सारखेच आहे, एकटीसाठी बदलता येणार नाही, असे उत्तर मिळाले. सातव्या दिवशी तिने सही केली आणि सोबत ‘विनंतीस बाधा न आणता’ असे पत्र जोडले. सही करताना अकराव्या कलमापाशी ती थांबली आणि तिने मला विचारले, “मामा, आवाज म्हणजे नेमके काय? मी मैदानावर ओरडते तो?” मला उत्तर देता आले नाही.

शिबिर सोमवारी सुरू होते. माझ्या बहिणीने बॅगेत काळ्या पट्टीची दोन रिळे आणि एक छोटी कात्री ठेवली आहे. राखीव खेळाडू यांनी लिहिल्याप्रमाणे कोपरे गोल कापून पाहिले, खरोखरच टिकते.

वकिली चष्मा

फोनवर कोण बोलले, कोणत्या तारखेला, किती वाजता आणि नेमके काय म्हणाले, हे आजच्या आज महासंघाच्या अधिकृत पत्त्यावर ई-मेलने लिहून पाठवा. सुरुवात ‘आपल्या दूरध्वनीवरील संमतीबद्दल आभार’ अशी करा. त्यांनी उत्तर दिले नाही तरी चालेल. कात्रीवाल्या अधिकाऱ्यापर्यंत कार्यालयातला फोन पोहोचलेला नसतो, म्हणून त्या ई-मेलची छापील प्रत तिच्या बॅगेत, पट्टीच्या रिळांशेजारीच ठेवा.